न केलेला शोक : ‘नर्व्हस कंडिशन्स’ची प्रस्तावना

या कादंबरीचं नावच दुसऱ्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेतून आलं आहे. त्यामुळे तिला प्रस्तावना लिहिताना मनावर थोडं दडपण येतं. १९६१ साली फ्रांझ फॅनन यांचा वसाहतवादावरचा अखेरचा ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला झाँ-पॉल सार्त्र यांनी प्रस्तावना लिहिली. वसाहतीतल्या माणसाच्या अवस्थेला सार्त्र यांनी तिथे एका आजाराचं नाव दिलं. हा आजार राज्यकर्ता घेऊन येतो, पण तो टिकून राहण्यात सोसणाऱ्याचाही हात असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सत्तावीस वर्षांनी एका तरुण झिंबाब्वीय लेखिकेने आपल्या पहिल्या कादंबरीसाठी तिथलेच दोन शब्द उचलले आणि पुस्तकाच्या दारावर पाटीसारखे लावले.

मराठीत ‘नर्व्हस’ हा शब्द आता फार हलका झाला आहे. तोंडी परीक्षेआधी मुलगा नर्व्हस होतो, मुलाखतीआधी मुलगी नर्व्हस होते आणि तासाभरात दोघंही चहा पिऊन मोकळी होतात. त्सित्सी डांगारेम्बगा यांच्या शीर्षकातला नर्व्हस इतका स्वस्त नाही. तो मज्जासंस्थेपर्यंत पोचलेला आहे. अन्नाचा घास खाली उतरत नाही, बिछान्यातून अंग हलत नाही, आपल्याच घरात उभं असताना आपण कुठे आहोत हे कळत नाही, इतका खोल. फॅनन स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते. अल्जीरियातल्या ब्लिदा इथल्या रुग्णालयात त्यांनी वसाहतीने मोडलेली माणसं जवळून पाहिली होती. पण त्यांच्या ग्रंथातला ‘वसाहतीतला माणूस’ वाचताना डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पुरुषच येतो. डांगारेम्बगा यांची कादंबरी त्या पुरुषाला पाठमोरा करते आणि त्याच्या घरातल्या बायकांकडे वळते. त्याला गोऱ्या साहेबासमोर मान खाली घालावी लागते हे खरं, पण संध्याकाळी घरी आल्यावर तो कुणाची मान खाली घालायला लावतो, हे ती विचारते.

डांगारेम्बगा यांचा जन्म १९५९ सालचा, तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या मुतोको इथला. आईवडील शिकलेले, शिक्षण क्षेत्रातले. दोन वर्षांची असताना ती त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली, सहा वर्षांची होऊन परतली. त्या वयातली चार वर्षं म्हणजे एक अख्खी भाषा. परत आल्यावर मायबोली शोना पुन्हा शिकावी लागते आणि घरातलीच माणसं आपल्याला पाहुण्यासारखी वागवतात, हा अनुभव या कादंबरीत न्याशा नावाच्या मुलीला मिळाला आहे. पुढे मिशनची शाळा झाली. १९७७ साली केंब्रिजला वैद्यकशास्त्रासाठी प्रवेश मिळाला, पण १९८० साली, देश स्वतंत्र होत असताना, ते शिक्षण अर्धवट सोडून त्या परतल्या. हरारेच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकत असताना त्या नाट्यमंडळात रमल्या. आफ्रिकन बायकांसाठी भूमिकाच नाहीत हे लक्षात आल्यावर स्वतः नाटकं लिहू लागल्या. ही कादंबरी लिहिली तेव्हा त्या पंचविशीत होत्या.

कादंबरी कोणत्या हवेत लिहिली गेली ते लक्षात घ्यायला हवं. १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला. बंदूक हाती घेऊन लढलेल्यांत मुलीही होत्या. तोवर कायद्याच्या नजरेत काळी स्त्री आयुष्यभर अज्ञानच राहत होती: आधी बापाच्या ताब्यात, मग नवऱ्याच्या. १९८२च्या कायद्याने अठरा वर्षांची प्रत्येक व्यक्ती सज्ञान ठरली आणि काळ्या स्त्रीला स्वतःच्या नावाने करार करता येऊ लागला, कुणाच्या परवानगीवाचून लग्न करता येऊ लागलं. पुढच्याच वर्षी, १९८३च्या अखेरीस, सरकारने शहरांतून बायकांची धरपकड केली. संध्याकाळी एकटी दिसली म्हणून, लग्नाचा दाखला जवळ नाही म्हणून बायकांना वेश्या ठरवून डांबलं गेलं. एका हाताने सज्ञानपण दिलं आणि दुसऱ्या हाताने मनगट धरलं. डांगारेम्बगा त्याच हरारेत बसून लिहीत होत्या. त्यांनी कथा मात्र दीड दशक मागे, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात नेली. नव्या राष्ट्राची बायकांविषयीची भीती गोऱ्यांच्या राज्यातच संपली नव्हती आणि तिथेच सुरूही झाली नव्हती, हे मागे गेल्याशिवाय दिसलं नसतं.

झिंबाब्वेतल्या प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारलं. मुक्तिलढ्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला विजयाच्या गोष्टी हव्या होत्या. इथे तर एक खेडवळ मुलगी घरातल्या कर्त्या पुरुषांचा हिशेब मांडत बसली होती. शेवटी हस्तलिखित लंडनच्या ‘द विमेन्स प्रेस’कडे गेलं. अ‍ॅलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ ब्रिटिश वाचकांपर्यंत नेणारी हीच स्त्रीवादी प्रकाशनसंस्था. १९८८ साली कादंबरी छापून आली आणि काळ्या झिंबाब्वीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली प्रकाशित कादंबरी म्हणून तिची नोंद झाली. १९८९ साली तिला आफ्रिका विभागाचं राष्ट्रकुल लेखक पारितोषिक मिळालं. डोरिस लेसिंग आणि अ‍ॅलिस वॉकर यांनी तिची वाखाणणी केली. ज्या देशाने तिला दाराबाहेर उभं केलं, त्या देशात ती परदेशातून मानाची शाल पांघरून परत आली. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. आपल्या माणसाची किंमत बाहेरच्याने सांगितल्यावर कळण्याची खोड आपल्याही अंगात आहे.

आता कादंबरीविषयी.

ती सुरू होते एका मृत्यूने आणि तो मृत्यू सांगणारी बहीण पहिल्याच वाक्यात बजावते की तिला त्याचं दुःख झालं नाही. जगातल्या कुठल्याही एकत्र कुटुंबात एकुलत्या भावाच्या मरणाविषयी बहिणीने असं बोलणं म्हणजे पाप. ती माफीही मागत नाही. तिला आपला कोडगेपणा मिरवायचा नाही, तिला फक्त कारण सांगायचं आहे. ते सांगायला तिला अख्खी कादंबरी लागते. मला हे पहिलं पान या पुस्तकातलं सर्वांत धाडसी पान वाटतं. पुढे न्याशाचं बंड येतं, मारहाण येते, आजार येतो, आणि समीक्षकांनी सगळी शाई तिथे खर्च केली आहे. पण ‘मी चांगली मुलगी आहे’ हे दाखवण्याचं ओझं उतरवूनच गोष्ट सांगायला बसणारी निवेदिका आधी येते. तिच्या जोरावर बाकीचं उभं आहे.

तिचं नाव तांबुद्झाई, घरात तांबू. भावाचं नाव न्हामो. शोनात न्हामो म्हणजे दैन्य, आपदा. उमतालीजवळच्या एका वस्तीवर हे कुटुंब राहतं. बाप आळशी आणि गोडबोल्या, आई कष्टाने वाकलेली. फी एकाचीच परवडते, म्हणून शाळा भावाला. मुलगी शिकून नवऱ्याला काय जेवायला घालणार, हा बापाचा सवाल. सात-आठ वर्षांची तांबू त्यावर रडत बसत नाही. ती बियाणं मागते. आजीने मागे ठेवलेल्या तुकड्यात ती मका लावते. पहाटे उठून नांगरते, खुरपते आणि मग घरच्या शेतात राबायला जाते. कणसं भरायला लागतात आणि चोरीला जाऊ लागतात. चोर तिचा भाऊच. बहिणीची कणसं तो मित्रांत वाटतो. रविवारच्या शाळेच्या मैदानात तांबू त्याच्या अंगावर धावून जाते, तिथे भावाबहिणीचं नातं संपतं. पुढे ताप येतो, गालगुंड होतं, न्हामो दूर मिशनमध्ये मरतो. पण तिच्यापुरता तो मक्याच्या शेतातच मेलेला होता.

उरलेली कणसं विकायला मतिंबा गुरुजी तिला शहरात घेऊन जातात. तिथे एक गोरी बाई गुरुजींवर तडकते: एवढ्याशा पोरीला राबवता? गुरुजी इंग्रजीत काहीतरी सांगून तिला शांत करतात. ती विरघळते आणि दहा पौंड देते. तांबूला संवादातला शब्दही कळलेला नसतो. भोवती जमलेले काळे लोक गुरुजींना काय म्हणतात, तेही तिला पुरतं उमगत नाही. एवढंच कळतं की फीची सोय झाली. ही दोनतीन पानं मी कितीदा वाचली असतील. भूक, दया, गोऱ्या माणसाचा खरा कळवळा, त्या कळवळ्यातली आंधळी गुर्मी, काळ्या मास्तराची हुशारी आणि त्या हुशारीने चुकवलेली लाज, सगळं एका फूटपाथवर येऊन उभं राहतं. लेखिका निकाल देत नाही. पुढे बाप मुख्याध्यापकांकडे जाऊन ते पैसे माझे आहेत म्हणून भांडतो, तेव्हा मुख्याध्यापक त्याला पावती दाखवतात. पावतीवर नाव तांबुद्झाईचं. मला वाटतं, या मुलीच्या हातात आलेला स्वातंत्र्याचा पहिला कागद तो.

इंग्रजीत वाचणाऱ्याला या कादंबरीत एक अडथळा येतो. मराठी वाचकाला तो येणार नाही, म्हणून त्याविषयी थोडं अधिक सांगतो. पुस्तकात मोठ्या माणसांना नावाने हाक मारत नाहीत. तांबूच्या वडिलांचे थोरले भाऊ म्हणजे बाबामुकुरु. बाबा म्हणजे बाप, मुकुरु म्हणजे थोरला. त्यांची बायको माईगुरू, थोरली आई. न्याशा ही या दोघांची मुलगी; तिच्यासाठी तांबूची आई माईनिनी, धाकटी आई. वडिलांची बहीण तेते. इंग्रजीत या सगळ्यांचे अंकल आणि आंट होतात आणि कादंबरीतला सत्तेचा सगळा नकाशा पुसला जातो. डांगारेम्बगा यांनी तो पुसू दिला नाही. शोना शब्द तसेच ठेवले, तळटीप न देता. परदेशी वाचक चाचपडत पुढे जातो. पण ज्याच्या घरात मोठे बाबा आणि मोठी आई आहेत, त्या विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकाला बाबामुकुरु म्हणजे कोण हे शिकवावं लागत नाही. ते आले की पोरं पाय आवरून बसतात, धाकटा भाऊ उगाच कामात असल्यासारखं दाखवतो, बायका चुलीत आणखी एक लाकूड सारतात.

तेतेचंही तसंच. सून म्हणून आलेल्या बायका स्वयंपाकघरात. पण ग्लॅडिस तेते घरची लेक आहे, म्हणून कुटुंबाच्या बैठकीत ती पुरुषांबरोबर बसते. आत लुसिया या अविवाहित गरोदर बाईचा निवाडा चाललेला असतो आणि जिच्याविषयी बोलणं चाललं आहे ती बाहेर. बायका धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात बसून कानोसा घेत असतात. आत्याबाईचा मान काय असतो हे आपल्या बारशापासून लग्नापर्यंतच्या विधींनी आपल्याला शिकवलेलं आहे. तो मान दुसऱ्या बाईच्या विरोधात कसा वापरला जातो, तेही. स्त्रिया एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे, असली सरळ फाळणी ही कादंबरी करत नाही. ती नात्याच्या जागा दाखवते. तीच बाई माहेरी एक असते आणि सासरी दुसरी. लुसिया मात्र ही मांडणी झुगारते. ती उठते, बैठकीत घुसते आणि तिच्याविषयी खोटं बोलणाऱ्याचा कान पिळते. माय मरो पण मावशी जगो, असं आपण म्हणतो. लुसिया ही तांबूची मावशी आहे आणि कादंबरीभर ती जगते. आईला खाटेवरून उठवते, स्वतः वसतिगृहात स्वयंपाकिणीची नोकरी मिळवते, संध्याकाळी लहान मुलांच्या पहिलीच्या वर्गातला अभ्यास शिकते.

बाबामुकुरु खलनायक नाहीत, हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण अनेकांनी त्यांना तसं वाचलं आहे. नऊ वर्षांच्या पोराला त्याच्या आईने हाताला धरून मिशनच्या दारात उभं केलं. तिची जमीन गेली होती. १९३०च्या जमीनवाटपाच्या कायद्याने ऱ्होडेशियाची निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांच्या नावावर केली आणि काळ्यांना राखीव, नापीक पट्ट्यांत ढकललं. तांबूची आजी शेतात खुरपताना हा इतिहास परीकथेसारखा सांगते. तिच्या गोष्टीत गोरे म्हणजे जादूटोणा जाणणारे दुष्ट. ज्याने सगळं हिरावून घेतलं, त्याच्याच शाळेत मुलगा पाठवायचा, म्हणजे निदान त्याची विद्या तरी घरात येईल, हा तिचा डाव होता. डाव यशस्वी झाला. मुलगा शिकला, इंग्लंडला गेला, मिशनचा मुख्याध्यापक झाला आणि अख्ख्या गोताचा पोशिंदा. पण प्रत्येक पायरीवर त्याने गोऱ्यांची मर्जी कमावली आहे आणि ती पुन्हा कमवावी लागेल हे भय त्याच्या हाडात शिरलं आहे. त्याच्या वागण्यात हे भय कुठेही भय म्हणून दिसत नाही. दिसते ती शिस्त. मुलीचा स्कर्ट, रात्री घरी यायची वेळ, ताटातलं न संपलेलं अन्न, सगळ्याला ती शिस्त पुरते.

धाकट्या भावाच्या घरावर संकटं का येतात, याचं त्यांनी शोधलेलं उत्तर असं: त्या जोडप्याचं ख्रिस्ती पद्धतीने लग्नच झालेलं नाही. मग ते लग्न लावायचं ठरतं. मुलं मोठी झालेली, आईचे केस पांढरे व्हायला लागलेले आणि तिला पांढरा झगा घालून वेदीसमोर उभं करायचं. आपल्या आईवडिलांचं एवढ्या वर्षांचं सहजीवन पाप होतं, म्हणजे आपणही पापातून जन्मलो, हे तांबूला जाणवतं. न्हामोनंतर त्याच्या जागी ज्या माणसाने तिला मिशनमध्ये नेऊन शाळा दिली त्याला नाही म्हणायला तिच्याजवळ शब्द नाहीत. लग्नाच्या सकाळी तिला बिछान्यातून उठताच येत नाही. अंग आपलं उरत नाही, जणू ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून स्वतःकडे पाहते आहे. शीर्षकातला आजार इथे पहिल्यांदा पूर्ण उमटतो. शिक्षा होते: पंधरा फटके आणि मोलकरणीचं काम. ती दोन्ही सोसते आणि तिला त्यात एक प्रकारचं समाधान मिळतं. सार्त्र यांनी सोसणाऱ्याच्या संमतीबद्दल लिहिलं होतं. संमती कशी मिळवली जाते आणि कोणत्या सकाळी ती शरीर परत घेतं, हे मात्र कादंबरीच दाखवू शकते.

माईगुरूंविषयी कमी लिहिलं गेलं आहे, याची मला खंत वाटते. इंग्लंडमध्ये त्यांनीही एम.ए. केलं आहे. कुणालाच ते माहीत नसतं, कारण कुणी विचारलेलं नसतं. नोकरी करतात, पगार घरखर्चात आणि दिराच्या गोतावळ्यात विरून जातो, आणि ‘हे सगळं बाबामुकुरुंनी केलं’ म्हणून गाव ओवाळतं. सणाला सासरच्या वस्तीवर गेल्या की पहाटेपासून रात्रीपर्यंत दोन डझन माणसांचं रांधणं. एकदा त्या भांडतात आणि माहेरी भावाकडे निघून जातात. पाच दिवसांनी परत येतात. एरवी नवऱ्याशी बाळबोध लाडीक बोलीत बोलणाऱ्या त्या बाईच्या बोलण्यात नंतर थोडा कमी लाडीकपणा उरतो, एवढाच काय तो फरक. न्याशाला आईचा संताप येतो: जायचंच होतं तर नवऱ्याच्या घरून निघून भावाच्या घरी कशाला? प्रश्न बिनतोड आहे. पण परत आलेल्या त्या बाईकडे पाहताना मला न्याशापेक्षा तिच्याविषयी जास्त वाटत राहतं.

न्याशा म्हणजे या पुस्तकाचा जळता दिवा. चौदा वर्षांची, तल्लख, उर्मट, प्रेमळ. शोना अर्धीमुर्धी, इंग्रजी अस्सल. शाळेतल्या मुली तिला गोरी समजतात आणि घरातले तिला बिघडलेली. नाताळच्या नाचावरून ती उशिरा येते, बाप मारतो, ती उलट मारते. मिशनमधलं जेवणाचं टेबल हे या कादंबरीचं खरं रणांगण आहे. तांबू पहिल्या दिवशी काट्याचमच्याशी झटते आणि साद्झा मागते. साद्झा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, जिच्यावर तिचं अंग वाढलं. न्याशा त्याच टेबलावर बापाच्या धाकाने ताट संपवते आणि मग जाऊन ते ओकून टाकते. एका मुलीने अन्न पिकवून शाळा विकत घेतली. दुसरी शाळेत सगळं मिळालं असताना अन्न पोटात ठेवू शकत नाही. तांबूला गोऱ्या मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळतो, तेव्हा वस्तीवरची आई जेवण टाकते. धान्याच्या दाण्यापासून उपासापर्यंत, एकच धागा.

न्याशा कोसळते तेव्हा तिला एका गोऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात. तो म्हणतो, आफ्रिकन लोकांना हा आजार होत नाही, मुलगी सोंग करते आहे. मग दुसरा डॉक्टर शोधावा लागतो. गंमत नव्हे, दुर्दैव असं की पुढे वर्गांतून आणि निबंधांतून या कादंबरीवर चर्चा झाली तेव्हा हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला: खाणं टाकण्याचा हा पाश्चात्त्य, सुखवस्तू आजार ऱ्होडेशियातल्या काळ्या मुलीला कसा? लेखिकेने उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं, डॉक्टरच्याच तोंडून. वसाहत माणसाची जमीन घेते, भाषा घेते, आणि मग त्याला आजारी पडायचा हक्कही नाकारते.

या पुस्तकाचं स्वागत मोठं झालं, पण ते कसं झालं याविषयी मला बोलायचं आहे. १९९०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांत वसाहतोत्तर साहित्याचे अभ्यासक्रम उभे राहत होते आणि त्यांना अशा पुस्तकाची निकड होती. चिन्वा अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ १९५८ पासून होतीच. पण तिच्यातल्या बायका बहुतेक पुरुषाच्या सावलीत. फ्लोरा न्वापा यांची ‘एफुरू’ १९६६ साली आली, बुची एमेचेटा, मारियामा बा यांनी वाट रुंद केली. तरी शीर्षकातच फॅनन, आत स्त्रीवाद, इंग्रजी शाळा, शरीर, आजार असं सगळं एकत्र घेऊन आलेली ही कादंबरी अभ्यासक्रमात चपखल बसली. इतकी चपखल की तिच्यातून सिद्धान्त काढून घ्यायचे आणि शेत तिथेच सोडायचं, अशी सवय लागली. न्याशावर लिहिलं गेलं, कारण ती सिद्धान्ताची भाषा बोलते. खुरपं हातात असलेल्या तांबूवर कमी. २०१८ साली बीबीसीने जग घडवणाऱ्या शंभर कथांची यादी केली, तिच्यात हे पुस्तक होतं. त्या मानाबद्दल आनंदच आहे.

मायदेशात वेगळे आक्षेप आले. पुरुष एकांगी रंगवलेत, हा एक. या आक्षेपाला मी बाबामुकुरु हेच उत्तर देईन. दुसरा आक्षेप विचार करायला लावणारा आहे: १९६५ साली इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, पुढच्याच वर्षी सशस्त्र लढ्याच्या पहिल्या चकमकी झडल्या, आणि या कादंबरीत ते सारं जवळजवळ नाहीच. खरं आहे. दूरच्या गडगडाटासारखं ते ऐकू येतं आणि विरतं. पण निवेदिका तेव्हा शाळकरी मुलगी आहे आणि तिला मिशनच्या कुंपणाबाहेरचं काही दिसू नये अशीच तिची घडण चालली आहे. युद्ध न दिसणं हा तिच्या शिक्षणाचा भाग आहे. ते युद्ध लेखिकेने पुढे लिहिलं. त्याला अठरा वर्षं लागली.

भाषेचा प्रश्न उरतो. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजी सोडून गिकुयूत लिहायला घेतलं होतं आणि १९८६ साली त्यामागची भूमिकाही मांडली होती. नेमाड्यांच्या देशीवादावर हिरिरीने भांडलेल्या मराठी वाचकाला हा वाद परका नाही. डांगारेम्बगा यांनी इंग्रजीत लिहिलं. ज्या भाषेने न्याशाला घरातून हुसकलं, त्याच भाषेत. याला विसंगती म्हणता येईल. मला ती कादंबरीची अपरिहार्यता वाटते, कारण ही गोष्ट सांगणारी तांबू मोठी झालेली आहे आणि ती इंग्रजीत सांगते आहे, म्हणजे तिच्या आईला ही गोष्ट वाचता येणार नाही. तांबूच्या आईने लेकीच्या कॉन्व्हेंटला जाण्याचा धसका घेतला होता तो याच कारणाने. मुलं मरतात ती आजाराने नव्हे, इंग्रजीपणाने, असं तिचं निदान. अडाणी बाईचं म्हणून ते कुणी मनावर घेत नाही.

पुढचा भाग ‘द बुक ऑफ नॉट’ २००६ साली आला. दरम्यान लेखिका बर्लिनला चित्रपट शिकल्या, १९९६ साली ‘एव्हरीवन्स चाइल्ड’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तिसरा भाग ‘धिस मोर्नेबल बॉडी’ २०१८चा. २०२० साली तो बुकर पारितोषिकाच्या पहिल्या यादीत आला आणि त्यानंतर काहीच दिवसांत, ३१ जुलैला, हरारेच्या रस्त्यावर हातात फलक घेऊन शांतपणे उभ्या असलेल्या डांगारेम्बगा यांना पोलिसांनी उचललं. सप्टेंबरमध्ये पुस्तक अंतिम यादीत गेलं आणि खटला चालूच राहिला. २०२२ साली त्यांना दोषी ठरवलं गेलं, २०२३ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

तिसऱ्या कादंबरीत तांबू ‘मी’ म्हणून बोलत नाही. लेखिका तिला ‘तू’ म्हणते. पहिल्या पानावर एवढ्या ठामपणे ‘मी’ म्हणणाऱ्या मुलीचा हा ‘मी’ शिक्षणाच्या आणि शहराच्या वाटेवर कुठे गळून पडला, ते तिन्ही पुस्तकं वाचल्याशिवाय कळत नाही. तिथे मध्यमवयीन तांबू पर्यटनाच्या धंद्यात आहे आणि परदेशी पाहुण्यांना ‘खरं आफ्रिकन खेडं’ दाखवायला आपल्याच वस्तीवर घेऊन येते. लहानपणी मका लावला ती जमीन जवळच असेल. वस्तीवरच्या बायका पाहुण्यांसाठी नाचतात. पाहुणे फोटो काढतात. आणि तिची आई, जिने पहिल्या कादंबरीत पांढरा झगा घालून गुपचूप लग्न लावून घेतलं होतं, ती नाचता नाचता थांबते आणि कॅमेऱ्यावर तुटून पडते.